कवटीपलीकडे पोहोचलेला प्रकाश : एका अहिंसक तपासणीचा इतिहास

माणसाच्या देहातील सर्व अवयवांत निसर्गाने सर्वाधिक जपलेला अवयव म्हणजे मेंदू होय. हृदय व फुप्फुसे यांना बरगड्यांचा पिंजरा लाभला; मेंदूला मात्र चहूबाजूंनी बंद अशी कवटीची पेटी मिळाली. ही पेटी मेंदूचे रक्षण करते हे खरे. परंतु आत काही बिघडले तर ते बाहेरच्यास कळूही देत नाही. हाताची नाडी पाहता येते, छातीला कान लावता येतो, पोट चाचपता येते. मेंदूची विचारपूस कशी करावी, हा प्रश्न वैद्यकापुढे शतकानुशतके उभा होता. डोके उघडल्यावाचून, सुई टोचल्यावाचून, केवळ प्रकाशाच्या साहाय्याने ही विचारपूस करण्याची विद्या गेल्या पन्नास वर्षांत आकारास आली. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, जवळपास ट्रस्टच्याच वयाच्या असलेल्या या विद्येचा इतिहास समाजबांधवांसमोर ठेवणे उचित ठरेल.

वडपे परिसरातील रहिवाशांस हा विषय परका नाही. मुंबई–आग्रा महामार्गावरील हा नाका, सभोवती पसरलेली गोदामे, रात्रंदिवस धावणारे कंटेनर आणि त्यांच्या मधून वाट काढणारे दुचाकीस्वार हे येथील नित्याचे दृश्य आहे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा भिवंडी तालुक्यातील आमणे येथपर्यंत खुला झाला आणि या भागातील वाहतुकीस आणखी एक मोठा प्रवाह येऊन मिळाला. याच रस्त्यांच्या कडेने पहाटेच्या अंधुक उजेडात पूज्य साधू-साध्वीजींचा पादविहार चालतो. विहारातील अपघातांच्या वार्ता समाजाने वारंवार ऐकल्या आहेत आणि प्रत्येक वेळी मन हळहळले आहे. केंद्र शासनाच्या अहवालानुसार सन २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. अशा अपघातांत डोक्याची इजा हे मृत्यूचे एक प्रमुख कारण असते.

डोक्याच्या इजेचे एक फसवे लक्षण जाणत्यांनी नेहमी सांगितले आहे. कवटी व मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्तस्राव झाला, तर जखमी माणूस प्रारंभी शुद्धीवर येतो, बोलतो, पाणी मागतो, क्वचित स्वतःच्या पायांनी घरीही जातो. आत मात्र रक्त साठत असते. काही वेळाने त्याला झापड येऊ लागते, उलट्या होतात आणि तो बेशुद्ध पडतो. बोलतो आहे म्हणजे बरा आहे, हा समज येथे प्राणघातक ठरतो. वेळेवर निदान झाले व शस्त्रक्रिया झाली तर असा रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. विलंब झाला तर गेलेला वेळ परत मिळत नाही. म्हणूनच बंद पेटीच्या आत काय चालले आहे, हे लवकरात लवकर कळणे अगत्याचे आहे.

लाल रंगापलीकडे

या विद्येचे मूळ सव्वादोनशे वर्षांमागे जाते. विल्यम हर्षल हे मूळचे जर्मनीतील हॅनोव्हरचे. इंग्लंडमध्ये संगीतकार म्हणून स्थिरावले व पुढे खगोलशास्त्रज्ञ म्हणून कीर्ती पावले. सन १७८१ मध्ये युरेनस ग्रहाचा शोध त्यांनीच लावला. सन १८०० मध्ये त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाश सोडून त्याचे सात रंग वेगळे केले आणि कोणत्या रंगात किती उष्णता आहे हे तापमापक ठेवून मोजले. जांभळ्याकडून लाल रंगाकडे जाताना तापमान वाढत गेले. मग त्यांनी तापमापक लाल पट्ट्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यास काहीच दिसत नव्हते तेथे ठेवला. तेथे पारा अधिकच चढला. डोळ्यास न दिसणाराही प्रकाश असतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. लाल रंगाच्या पलीकडील या किरणांना आज अवरक्त किरण म्हणतात; त्यांपैकी लाल रंगास लागून असलेला भाग तो निकट-अवरक्त.

इंद्रियांना जे गोचर होत नाही ते अस्तित्वातच नाही असे मानू नये, ही शिकवण जैन परंपरेस नवी नाही. डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांची चिंता वाहणाऱ्या समाजास अदृश्य प्रकाशाची कल्पना सहज पटावी.

पुढे सन १८३१ मध्ये लंडनचे वैद्य रिचर्ड ब्राइट यांनी एक विलक्षण निरीक्षण नोंदविले. डोक्यात पाणी साचण्याच्या विकाराने कवटी फुगून पातळ झालेल्या एका रुग्णाच्या डोक्यामागे मेणबत्ती धरली असता त्यांना डोक्यातून उजेड पाझरताना दिसला. हाड हे दगडी भिंतीसारखे अपारदर्शक नाही, त्यातून थोडा का होईना प्रकाश जातो, याची ही पहिली जाणीव होती.

इटलीतील शास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी त्याच शतकाच्या उत्तरार्धात दुसरी एक गोष्ट दाखवून दिली. अपघाताने ज्यांच्या कवटीचा थोडा भाग गेला होता, अशा रुग्णांच्या मेंदूची धडधड ते यंत्राने कागदावर उमटवून घेत. अशा एका शेतकऱ्याचे निरीक्षण चालू असताना दुपारी चर्चची घंटा झाली. प्रार्थनेची वेळ झाल्याचे स्मरण होताच मेंदूची धडधड वाढलेली कागदावर उमटली. हाताच्या नाडीत मात्र तसा फरक नव्हता. माणूस विचार करतो तेव्हा मेंदूत अधिक रक्त धावते, हे यातून सूचित झाले. आधुनिक मेंदूचित्रणाचा बराचसा डोलारा याच एका तत्त्वावर उभा आहे.

रक्ताचा रंग आणि कापडाची छटा

प्रकाशाने रक्ताची परीक्षा कशी होते, हे भिवंडी परिसरातील मंडळींस समजावून सांगणे फारसे अवघड नाही. दुकानातील दिव्याखाली दोन ताग्यांची छटा एकसारखी भासते. तेच तागे दाराशी उन्हात नेले की त्यांतील फरक उघडा पडतो. म्हणूनच जाणकार गिऱ्हाईक कापड दाराबाहेर नेऊन पाहते. वस्तू तीच, परंतु प्रकाश बदलला की तिचे वेगळे गुण दिसतात.

रक्ताचेही तसेच आहे. रक्तातील हिमोग्लोबिन हा पदार्थ प्राणवायू वाहून नेतो. सन १८६४ मध्ये इंग्लंडचे जॉर्ज स्टोक्स यांनी दाखविले की, प्राणवायू धारण केलेल्या व प्राणवायू सोडलेल्या रक्ताचा वर्णपट निरनिराळा असतो. पहिले रक्त भडक लाल, दुसरे काळपट. सुमारे ७६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन अधिक प्रकाश शोषते. सुमारे ८५० नॅनोमीटरच्या प्रकाशात प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिन अधिक शोषते. (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग.) दोन प्रकारचे प्रकाश आळीपाळीने सोडून किती परत आला हे मोजले की, रक्त किती आहे व त्यात प्राणवायू किती आहे, या दोन्ही गोष्टींचा हिशेब मांडता येतो. दोन समीकरणे व दोन अज्ञात संख्या, असे हे सरळ गणित आहे.

या तत्त्वाचा पहिला व्यवहारी उपयोग कानाच्या पाळीवर झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उंचावर विमान चालविणाऱ्या वैमानिकांना प्राणवायू कमी पडे. त्यासाठी ग्लेन मिलिकन यांनी कानास लावण्याचे मापक तयार केले आणि त्यास ऑक्सिमीटर हे नाव दिले. सन १९७४ मध्ये जपानचे ताकुओ आओयागी यांनी नाडीच्या ठोक्याबरोबर बदलणारा प्रकाशच तेवढा मोजण्याची युक्ती काढली आणि त्यातून पल्स ऑक्सिमीटर जन्मास आला. सन २०२०–२१ च्या कोरोना महामारीत घरोघरी बोटास लावले गेलेले छोटे यंत्र ते हेच. ज्या यंत्राने त्या कठीण काळात अगणित कुटुंबांना धीर दिला, त्याचेच भावंड पुढे मेंदूपर्यंत पोहोचले.

सन १९७७ : खिडकी उघडली

बोट अथवा कानाची पाळी पातळ असते; प्रकाश एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघतो. डोक्याच्या बाबतीत ते कसे जमावे? या प्रश्नाचे उत्तर फ्रान्स योब्सिस यांनी दिले. हे मूळचे डच शास्त्रज्ञ अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात संशोधन करीत. हाडाचा एक पातळ तुकडा प्रकाशासमोर धरला असता त्यातून लाल प्रकाश आरपार येतो, या साध्या निरीक्षणावरून त्यांच्या विचारास चालना मिळाली. डिसेंबर १९७७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. निकट-अवरक्त प्रकाश त्वचा, हाड व मेंदू यांतून बराच आत जातो आणि त्याच्या साहाय्याने मेंदूतील प्राणवायूची स्थिती बाहेरून, सतत मोजता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

यामागील कारण असे. सुमारे ६५० नॅनोमीटरच्या अलीकडील प्रकाश रक्तच गिळून टाकते. सुमारे ९५० च्या पलीकडील प्रकाश शरीरातील पाणी गिळते. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात मात्र दोघांचीही भूक मंद असते. शास्त्रज्ञ यास शरीराची ‘प्रकाशीय खिडकी’ म्हणतात. हाताच्या तळव्यामागे विजेरी लावली की बोटांच्या कडा लालसर दिसतात, ती याच खिडकीची झलक होय.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. आज या तपासणीने रुग्णास इजा होत नाही म्हणून आपण तिला अहिंसक म्हणतो. परंतु योब्सिस यांचे आरंभीचे प्रयोग मांजर व कुत्रा यांच्यावर झाले होते. आधुनिक वैद्यकातील बहुतेक शोधांची हीच कथा आहे. जीवदया हा ज्यांच्या धर्माचा प्राण आहे, त्यांनी हा भाग वगळून इतिहास सांगू नये. त्या मूक जीवांचे ऋण मान्य करावे, आणि प्रयोगांत जीवहिंसा टाळणाऱ्या पद्धतींचा आग्रह धरावा, हेच उचित. समाधानाची बाब इतकीच की, या तंत्राच्या पुढील वाटचालीत निरोगी माणसे स्वेच्छेने, कोणतीही जखम न होता, प्रयोगात सहभागी होऊ शकली.

बाळाच्या उशाशी

या प्रकाशाचा पहिला लाभ मिळाला तो अपुऱ्या दिवसांच्या नवजात बालकांना. बाळाची कवटी पातळ, टाळू मऊ आणि डोके लहान. त्यामुळे प्रकाश सहज आत जातो. शिवाय अशा बालकास इकडून तिकडे हलविणेही धोक्याचे. सन १९८५ च्या सुमारास ड्यूक विद्यापीठात व लगोलग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आजारी नवजातांच्या मेंदूतील प्राणवायू त्यांच्या पाळण्यापाशीच मोजला जाऊ लागला. लंडनचे डेव्हिड डेल्पी व त्यांचे सहकारी यांनी सन १९८८ मध्ये एक महत्त्वाची अडचण सोडविली. प्रकाश मेंदूत सरळ रेषेत जात नाही. दाट धुक्यात दिव्याचा उजेड पसरावा तसा तो विखुरतो व नागमोडी वाटेने फिरतो. दिवा व प्रकाशग्राहक यांत जेवढे अंतर असते, त्याच्या कितीतरी पट वाट तो चालतो. ही पट साधारणतः चार ते सहा असते. ती वाट मोजण्याची रीत सापडली, तेव्हा अंदाजाची जागा हिशेबाने घेतली.

प्रौढांच्या बाबतीत दिवा व ग्राहक डोक्याच्या एकाच बाजूस सुमारे तीन सेंटिमीटर अंतरावर ठेवतात. आत शिरलेल्या प्रकाशापैकी अत्यल्प अंश केळ्याच्या आकाराच्या वक्र मार्गाने परत पृष्ठभागावर येतो आणि येताना मेंदूच्या वरच्या थराची वार्ता घेऊन येतो. दीड-दोन सेंटिमीटरपलीकडील खोल भागाची वार्ता मात्र त्यास फारशी आणता येत नाही.

सन १९९३ मध्ये अमेरिका, जपान व जर्मनी येथील निरनिराळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी दाखविले की, माणूस मनात गणित करतो वा विचार करतो तेव्हा मेंदूच्या त्या त्या भागातील रक्तात होणारा बदल या प्रकाशाने टिपता येतो. या गटांपैकी अमेरिकेतील गटाचे अग्रणी ब्रिटन चान्स हे एक असाधारण व्यक्तिमत्त्व होते. सन १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये नौकानयनाचे सुवर्णपदक मिळविणारा हा शास्त्रज्ञ नव्वदी ओलांडल्यावरही संशोधन करीत राहिला. सन २०१० मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात भारतीय वंशाचे भौतिकशास्त्रज्ञ अर्जुन योध यांनी विखुरलेल्या प्रकाशाचे गणित विकसित करण्यात मोलाची भर घातली. जपानमध्ये हिताची कंपनीच्या संशोधकांनी सन १९९५ मध्ये अनेक दिवे व ग्राहक एकत्र गुंफून मेंदूच्या पृष्ठभागाचा नकाशाच काढण्याची पद्धत पुढे आणली.

चुंबकीय पद्धतीच्या चित्रणात, म्हणजे एमआरआयमध्ये, खोल व अधिक स्पष्ट चित्र मिळते. परंतु रुग्णास अरुंद नळीत, मोठ्या आवाजात, निश्चल पडून राहावे लागते. प्रकाशाची टोपी घातलेले बालक आईच्या मांडीवर बसून राहू शकते. या सोयीमुळे केवढे ज्ञान मिळाले! सन २००३ मध्ये इटलीतील संशोधकांनी अवघ्या दोन ते पाच दिवसांच्या बालकांना बोलणे ऐकविले. सरळ बोलणे ऐकताना त्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूस अधिक हालचाल दिसली. तेच ध्वनिमुद्रण उलटे वाजविल्यावर तशी दिसली नाही. मातृभाषेचा संस्कार किती लवकर सुरू होतो, याचा हा पुरावा होय.

आपल्या देशातही असे काम झाले. उत्तर प्रदेशातील शिवगड या ग्रामीण भागात लहान मुलांच्या मेंदूचा या प्रकाशाने अभ्यास करण्यात आला व सन २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्या कुटुंबांचे उत्पन्न कमी व मातेचे शिक्षण अल्प, त्या कुटुंबांतील मुलांच्या मेंदूत दृश्य स्मरणशक्तीशी निगडित हालचाल क्षीण आढळली. दारिद्र्याची झळ मेंदूपर्यंत पोहोचते, हे यंत्राने दाखविले. शाळा, शिष्यवृत्त्या व मातांचे पोषण यांवर खर्च करणाऱ्या संस्थांना आपल्या कार्याचे मोल याहून वेगळ्या शब्दांत सांगण्याची आवश्यकता नाही.

रस्त्यावरील जखमीपर्यंत

आता मूळ प्रश्नाकडे वळू. डोक्यास मार लागल्यानंतर आत रक्त साठले आहे काय, हे ओळखण्याचे खात्रीचे साधन म्हणजे सीटी स्कॅन. इंग्लंडचे गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी ते निर्माण केले. सन १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचे चित्रण झाले आणि सन १९७९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सीटी स्कॅनने मेंदूवरील उपचारांत क्रांती केली. परंतु ते अवजड यंत्र अपघातस्थळी नेता येत नाही. रुग्णास त्याच्यापर्यंत न्यावे लागते.

सन १९९३ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे शंकर गोपीनाथ, क्लॉडिया रॉबर्टसन, ब्रिटन चान्स आदींनी एक साधी कल्पना मांडली. रक्तवाहिनीबाहेर साठलेले रक्त एका जागी दाटलेले असते. त्यामुळे ते सभोवतालच्या मेंदूपेक्षा अधिक प्रकाश शोषते. डोक्याच्या डाव्या व उजव्या बाजूंच्या समान जागी आळीपाळीने प्रकाश सोडून पाहावा. एका बाजूने स्पष्टपणे कमी प्रकाश परत आला, तर तेथे रक्त साठल्याची शंका घ्यावी. कोऱ्या कापडाचा तागा उजेडावर धरला असता डाग वा जाड सूत जसे गडद दिसते, तसाच हा प्रकार. येथे तुलना मात्र त्याच माणसाच्या दुसऱ्या बाजूशी केली जाते.

या कल्पनेवरून हातात मावणारे यंत्र तयार झाले. सन २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत ३६५ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, साडेतीन मिलिलिटरहून मोठ्या व पृष्ठभागापासून अडीच सेंटिमीटरच्या आत असलेल्या रक्ताच्या गाठींपैकी ८८ टक्के गाठी या यंत्राने ओळखल्या. सन २०११ च्या अखेरीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यास मान्यता दिली.

भारतात याच तत्त्वावरील ‘सेरेबो’ नावाचे यंत्र अहमदाबाद येथील बायोस्कॅन रिसर्च या कंपनीने विकसित केले असून, त्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, भोपाळचे एम्स व बंगळूरचे निम्हान्स यांचे सहकार्य लाभले. सन २०२५ मध्ये परिषदेने त्याची माहिती जाहीर केली. हातात धरून वापरण्याच्या या यंत्राचा निष्कर्ष सुमारे एका मिनिटात रंगांच्या खुणांनी कळतो. क्ष-किरण नसल्याने बालके व गर्भवती स्त्रिया यांच्यावरही ते वापरता येते. रुग्णवाहिका, ग्रामीण दवाखाने व आपत्कालीन कक्ष यांच्यासाठी ते उपयुक्त ठरावे, असा त्यामागील हेतू आहे. भारतीय रुग्णांवर पडताळणी होणे यासाठीही महत्त्वाचे की, गडद त्वचा व दाट काळे केस प्रकाशाचा काही अंश वाटेतच शोषून घेतात. बोटावरील ऑक्सिमीटरदेखील कृष्णवर्णीय रुग्णांतील प्राणवायूची कमतरता कधीकधी ओळखू शकत नाही, हे सन २०२० मध्ये अमेरिकेत दिसून आलेच होते.

मर्यादा आणि अनेकान्त

या यंत्राच्या मर्यादा समजून घेतल्या नाहीत, तर उपकाराऐवजी अपकार होईल. फार लहान वा फार खोल रक्तस्राव या प्रकाशास दिसत नाही. दोन्ही बाजूंस सारखाच रक्तस्राव झाला असेल, तर डाव्या-उजव्याची तुलना फसू शकते. टाळूखालील साधी सूज वा रक्त साकळणे हेही खोटी शंका निर्माण करते. म्हणून यंत्राने ‘नाही’ म्हटले म्हणजे धोका टळला असे नव्हे. आणि सीटी स्कॅनची जागा ते घेऊ शकत नाही. कोणास तातडीने मेंदूशल्यविशारद असलेल्या रुग्णालयात न्यावे, एवढा कौल देण्यापुरतीच त्याची योग्यता आहे. परंतु ज्या रस्त्यावर पहिला निर्णय ‘जवळच्या दवाखान्यात की थेट ठाणे-मुंबईस’ असा असतो, तेथे एवढा कौलही मोलाचा ठरू शकतो.

अनेकान्ताचा विचार लाभलेल्या समाजास हे वेगळे समजावून सांगावयास नको. एका ठिकाणी ठेवलेला ग्राहक मेंदूची एक बाजू सांगतो, दुसरा दुसरी. एक तरंगलांबी एक सत्य सांगते, दुसरी त्यास पुरवणी जोडते. प्रकाश, क्ष-किरण, चुंबक, तसेच अनुभवी डॉक्टरची नजर, यांपैकी कोणाचेही म्हणणे एकांगी धरून चालत नाही. सर्वांचे ऐकून जो निर्णय होतो, तोच रुग्णाच्या हिताचा.

दान आणि जाण

औषधदान व अभयदान यांची परंपरा जैन समाजाने शतकानुशतके जपली आहे. गावोगावचे दवाखाने, नेत्रशिबिरे, पांजरपोळ ही तिची साक्ष होय. आधुनिक काळात यंत्रांचे दान हा त्याच परंपरेचा विस्तार आहे. मात्र यंत्र दान करणे सोपे, ते चालते ठेवणे कठीण. देणगीची पाटी झळकते, छायाचित्र निघते आणि वर्षभरात यंत्र कपाटात जाऊन बसते, असे अनेक ठिकाणी घडते. म्हणून कोणतेही नवे उपकरण देण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत : त्यास शासनाची मान्यता आहे काय, ते वापरणारा प्रशिक्षित माणूस प्रत्येक पाळीत उपलब्ध असेल काय, दुरुस्तीची तरतूद आहे काय, आणि यंत्राने धोक्याचा इशारा दिल्यास रुग्णास पुढे कोठे न्यायचे हे आधीच ठरलेले आहे काय. चौथ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर पहिल्या तिघांचा उपयोग होत नाही.

यंत्र येवो वा न येवो, काही गोष्टी आजही प्रत्येकाच्या हाती आहेत. महाराष्ट्रात सन २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे. अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यास पोलीस वा रुग्णालयाने त्रास देऊ नये, यासाठी सर्वोच्च न्यायालयाने सन २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांना बंधनकारक स्वरूप दिले आणि सन २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात अशा परोपकारी व्यक्तीस कायदेशीर संरक्षण मिळाले. डोक्यास मार लागलेला माणूस कितीही बरा दिसत असला, तरी त्यास एकटा सोडू नये. झापड, उलटी, तीव्र डोकेदुखी, बोलण्यात असंबद्धता यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. दुचाकीवर बसणाऱ्याने, मागे बसणाऱ्यानेही, शिरस्त्राण घालावे. विहारात साथ देणाऱ्या युवकांनी अंधुक उजेडात चमकणारे पट्टे अंगावर वागवावेत आणि जवळच्या सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयाचा क्रमांक खिशात ठेवावा.

हर्षल यांनी लाल रंगापलीकडे तापमापक ठेवला, तेव्हा तो अदृश्य प्रकाश एक दिवस रस्त्यावर पडलेल्या जखमीच्या कपाळास लावला जाईल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसेल. एकाने लावलेला दिवा दुसऱ्याने पुढे नेला, दुसऱ्याचा तिसऱ्याने. सव्वादोनशे वर्षांत तो भारतातील रुग्णवाहिकेच्या दारापर्यंत आला आहे. वडपे नाक्यावर एखादी गाडी घसरून पडेल, त्या वेळी तेथे पहिल्यांदा पोहोचणारा माणूस डॉक्टर नसेल. तो गोदामातील हमाल, चहावाला, ट्रकचालक किंवा मंदिरातून परतणारा श्रावक असेल. त्यास काय करावे हे ठाऊक असले, तर सुवर्णमहोत्सवाचे हे वर्ष सार्थकी लागले असे म्हणता येईल.